एबीएसचा पिवळा दिवा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की या सदराकडे ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. यंदा सीमाभागातून आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या दिव्याची. त्यातही निम्म्या वाचकांनी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलून घेतला आहे आणि दिवा तसाच आहे. म्हणून उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर 'उजव्या पुढच्या चाकाचा सेन्सर' असे आले, तर त्या चाकाकडून येणारा संदेश बिघडला आहे, एवढेच त्यातून कळते. हा संदेश सेन्सर बिघडवू शकतो, तार बिघडवू शकते, कपलर (तारा जोडणारा प्लग), चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग किंवा बेअरिंगही बिघडवू शकते. तपासणी न करता सेन्सर बदलणे म्हणजे पाचातल्या एकावर पैसे लावणे.

प्रश्न : माझी हॅचबॅक 2013 ची आहे. थांबता थांबता, अगदी हळू वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते, घर्रर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. रस्ता कोरडा असला तरी हेच. वेगात ब्रेक मारला तर काही होत नाही. दिवाही लागत नाही. पॅड बदलले, डिस्क बदलल्या, फरक नाही. (वाचक, खानापूर)

उत्तर : पॅड आणि डिस्क निर्दोष होते. तुमच्या गाडीत एबीएस गरज नसताना काम करते आहे. खात्री करायची तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर एबीएसचा फ्यूज काढा आणि 20 च्या वेगाने जाऊन हलके ब्रेक दाबत थांबा. थरथर गेली तर निदान पक्के. फ्यूज काढल्यावर दिवे लागतील, ते अपेक्षित आहे. चाचणी झाली की फ्यूज लगेच परत लावा.

असे का होते ते समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी आपोआप सुचेल. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत साधा, म्हणजे पॅसिव्ह सेन्सर असतो. आत चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल. समोरून लोखंडी रिंगचे दाते गेले की कॉइलमध्ये एसी व्होल्टेज तयार होते. बाहेरून वीज लागत नाही. मात्र हे व्होल्टेज दोन गोष्टींवर ठरते : चाकाचा वेग, आणि सेन्सरचे टोक व दाते यांच्यातली फट. वेग उतरला की व्होल्टेजही उतरते आणि ताशी तीन-चार किलोमीटरच्या आसपास चारही चाकांचा संदेश विरून जातो. एबीएसच्या मॉड्यूलला, म्हणजे त्याच्या कंट्रोल युनिटला हे माहीत असते. पण एका चाकाची फट वाढलेली असेल तर त्याचा संदेश आठ-दहाच्या वेगालाच नाहीसा होतो. बाकीची तीन चाके 'दहा' सांगताहेत आणि हे एक 'शून्य', म्हणजे हे चाक जाम झाले, असे मॉड्यूल धरून चालते आणि त्या चाकाचा ब्रेक सोडते. गाडी हातभर सरकते ती यामुळे. तार कुठे तुटलेली नसल्याने दिवा लागत नाही.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात फट वाढण्याचे कारण बहुतेक वेळा गंजच असतो. चार महिने पाऊस, आणि तांबडा चिखल चाकाच्या आतल्या बाजूला बसून राहतो, वाळायचे नाव घेत नाही. ड्राइव्ह शाफ्टवर घट्ट बसवलेल्या रिंगखाली गंज धरतो, फुगतो आणि रिंगला वर उचलतो. पुढे रिंग तडकते. तडकलेल्या ठिकाणी दोन दात्यांमधले अंतर वाढते आणि दर फेऱ्याला एक ठोका चुकतो. दुसरी जागा म्हणजे सेन्सर जिथे नकलवर (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागावर) टेकतो ती बैठक. तिथे गंजाचा थर आला की अख्खा सेन्सर बाहेर ढकलला जातो. तिसरी गोष्ट साधी आहे : डिस्कमधून झडणारा लोखंडी भुगा चुंबकाच्या टोकाला मिशीसारखा चिकटतो.

आता तपासणी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. पुढचे एकच चाक उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक काढून हब हाताने सावकाश फिरवा आणि टॉर्चच्या उजेडात पूर्ण रिंग बघा : तडा, उचललेला भाग, तुटलेला दाता, दात्यांत घट्ट बसलेली माती. पितळी फिलर गेजने फट चार ठिकाणी मोजा. लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप चुकते. फट साधारण 0.4 ते 1.2 मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. चार ठिकाणी चार वेगळी मापे आली तर रिंग उचलली आहे किंवा बेअरिंग ढिले आहे.

मग मल्टिमीटर. सेन्सरचा कपलर सोडवा आणि सेन्सरच्या दोन पिनांत रोध मोजा. पॅसिव्ह सेन्सरचा रोध बहुधा 800 ते 2000 ओहममध्ये येतो. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना जास्त सांगते. दोन्हींत शे-दीडशे ओहमचा फरक चालेल, दुप्पट-तिप्पट नाही. प्रत्येक पिन आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटरने काहीच जोड दाखवू नये. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवा, चाक परत लावून हाताने सेकंदाला एक फेरा या बेताने फिरवा. एका बाजूला 400 मिलिव्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला 150 आले, तर दोषी चाक सापडले. रोध बरोबर आणि व्होल्टेज कमी, याचा अर्थ सेन्सर चांगला आहे आणि फट किंवा रिंग खराब आहे.

सेन्सर काढून बैठक आणि भोक एमरी पेपरने साफ करा, टोकावरचा भुगा कापडाने पुसा. एवढ्याने बऱ्याच गाड्या सुधारतात. रिंग तडकली असेल तर चिकटवण्याच्या किंवा वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. काही गाड्यांची रिंग सुटी मिळते, ती गरम करून बसवतात. हातोडीने ठोकली की वाकडी बसते आणि तोच त्रास नव्याने सुरू होतो.

प्रश्न : आमचे छोटे गॅरेज आहे. एका 2019 च्या गाडीचा मागचा सेन्सर मीटरवर ओहम दाखवत नव्हता म्हणून बदलला. नव्यातही मीटर धड काही दाखवत नाही, उलटसुलट लावले की वेगवेगळे आकडे येतात. नवा माल पण खराब म्हणायचा काय? (गॅरेजचालक, बेळगाव)

उत्तर : बहुधा जुनाही चांगला होता. हा अ‍ॅक्टिव्ह सेन्सर आहे, आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. ओहमवर त्याची परीक्षा होत नाही, आणि ओहमचा मीटर लावूही नये. कॉइलच नाही तर रोध कसला मोजणार?

ओळखायची सोपी रीत अशी. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावा आणि गाडी माणसाच्या चालीने ढकला. एक-दीड किलोमीटरच्या वेगालाच आकडा हलला तर सेन्सर अ‍ॅक्टिव्ह. तीन-चार किलोमीटरपर्यंत शून्यच राहिला आणि मग एकदम उडी मारली तर पॅसिव्ह.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला मॉड्यूल एका तारेतून साधारण बॅटरीइतके व्होल्टेज देते. दुसऱ्या तारेतून परत येणारा करंट समोर फिरणाऱ्या चुंबकीय रिंगप्रमाणे सुमारे 7 मिलिअँपिअर आणि 14 मिलिअँपिअर असा बदलतो. संदेश व्होल्टेजमध्ये नाही, करंटमध्ये असतो. काही नव्या गाड्यांत 28 मिलिअँपिअरचा तिसरा टप्पाही असतो. म्हणून दोन पायऱ्यांत तपासा.

पहिली पायरी गाडीच्या बाजूची. चावी बंद ठेवून कपलर काढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून वायरिंगच्या बाजूला लावा आणि मग चावी चालू करा. एका पिनवर बॉडीच्या तुलनेत बॅटरीच्या आसपासचा आकडा यायला हवा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सर्किट तुटल्याचे कळताच काही मॉड्यूल पुरवठा बंद करतात. उशिरा मीटर लावणारा 'करंटच येत नाही' म्हणून भलतीकडे शोधत बसतो. पुरवठा खरोखरच येत नसेल तर सेन्सरला हात लावू नका. दोष तारेत किंवा मॉड्यूलमध्ये आहे.

दुसरी पायरी सेन्सरची. 12 व्होल्टची बॅटरी, 100 ओहमचा 2 वॉटचा एक रेझिस्टर आणि दोन तारा घ्या. बॅटरीचा प्लस सेन्सरच्या पुरवठ्याच्या पिनला. सेन्सरची दुसरी पिन रेझिस्टरमधून मायनसला. रेझिस्टरशिवाय बॅटरी थेट कधीही लावू नका, चिप जळेल. प्लस-मायनसची अदलाबदलही करू नका. आता रेझिस्टरच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा आणि चाक अगदी सावकाश, मिलिमीटर मिलिमीटरने फिरवा. मीटर 0.7 आणि 1.4 व्होल्ट यांच्यात उड्या मारत असेल तर सेन्सर आणि समोरची रिंग दोन्ही ठीक. 0.7 किंवा 1.4 वरच अडकून राहिला तर सेन्सरला वीज मिळते आहे पण समोर चुंबक जाणवत नाही : फट जास्त आहे, रिंग खराब आहे किंवा चिप गेली आहे. त्या वेळी सेन्सर बाहेर काढून टोकासमोर छोटा चुंबक उलटसुलट फिरवा. आकडा बदलला तर सेन्सर निर्दोष. मीटर शून्यावरच राहिला तर तार तुटली आहे किंवा सेन्सर मेला आहे.

हे सामान बाकावर कायम जोडून ठेवा. गिऱ्हाईकाला सेन्सर बदलायला सांगण्याआधी पाच मिनिटांत उत्तर मिळते.

प्रश्न : पुढच्या चाकाचे बेअरिंग आवाज करत होते, ते बदलले. त्याच दिवसापासून एबीएसचा दिवा लागला आहे. बेअरिंगचा आणि एबीएसचा काय संबंध? (वाचक, निपाणी)

उत्तर : फार जवळचा संबंध आहे. अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असलेल्या अनेक गाड्यांत दातेरी रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने मांडलेले असतात. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. वरवर पाहता दोन्ही सील सारखेच दिसतात, त्यामुळे बेअरिंग उलटे दाबले जाण्याची चूक नेहमी होते. दुसरी शक्यता म्हणजे मापाने तंतोतंत पण चुंबकीय पट्टी नसलेले, एबीएसविना असलेल्या मॉडेलचे स्वस्त बेअरिंग लावले गेले.

आधी मात्र साध्या गोष्टी बघा. काम करताना सेन्सर काढला असेल तर त्याचा कपलर नीट बसला आहे का, तार ताणली गेली का, सेन्सर भोकात पूर्ण टेकला आहे का. हे सगळे ठीक असेल तर सेन्सरच्या भोकातून आतल्या सीलपाशी दोऱ्याला बांधलेली साधी टाचणी सोडा. चुंबकीय बाजू असेल तर ती ओढली जाते. ओढलीच नाही तर बेअरिंग उलटे आहे किंवा बिनपट्टीचे. दुर्दैवाने एकदा दाबलेले बेअरिंग काढले की ते परत वापरता येत नाही. काढताना गोळ्यांवर ताण पडतो. नवेच घ्यावे लागेल, आणि ही चूक करणाऱ्याने तो खर्च सोसावा, असे आम्हाला वाटते.

नवे बसवताना : नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर, हब दाबताना आतल्या कड्याला खालून आधार. चुंबकीय सील लोखंडी भुग्याने भरलेल्या बाकावर उघडे ठेवू नका आणि त्याच्याजवळ दुसरा चुंबक आणू नका. हातोडी अजिबात नको.

प्रश्न : सेन्सर भोकात गंजून बसला आहे. ओढला तर तार हातात आली. (वाचक, कारवार)

उत्तर : खाऱ्या हवेत हे होणारच. नकल लोखंडाची, तिचा गंज फुगून प्लास्टिकच्या सेन्सरला चारी बाजूंनी आवळतो. तार तुटलीच आहे, म्हणजे हा सेन्सर गेला. आता भोक वाचवा. बोल्ट काढून गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सेन्सरच्या कानाला पकडीने धरून आधी डावी-उजवीकडे गोल फिरवा, सरळ ओढू नका. फिरायला लागला की सुटतो. टोक आत मोडून राहिले तर बारीक ड्रिलने मधोमध पोखरून तुकडे काढा. ड्रिल खोल गेले तर रिंग किंवा सीलला जखम होईल, म्हणून ड्रिलबिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. ब्लोटॉर्च लावू नका. शेजारी बेअरिंगचे सील आणि ब्रेकचा होज आहे.

नवा सेन्सर बसवण्याआधी भोक आतून गुंडाळलेल्या एमरी पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा. सेन्सरच्या अंगाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. तांब्याची ग्रीस नको. सेन्सर बोटांच्या जोराने पूर्ण बसला पाहिजे. बोल्टने ओढून बसवला तर कान तडकतो. बोल्ट बहुधा 6 मिलिमीटरचा असतो, त्याला 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चाकाचे दुसरे काही काम निघाले की सेन्सर एकदा सोडवून, साफ करून परत लावून घ्यावा.

प्रश्न : दिवा फक्त गाडी पूर्ण वळवताना किंवा खड्ड्यातून जाताना लागतो. सेन्सर नवाच आहे. (वाचक, भालकी)

उत्तर : तार आतून तुटली आहे. पुढच्या चाकाची तार स्टिअरिंगबरोबर वळते आणि शॉकअपबरोबर वरखाली होते. हजारो वेळा वाकून आतले तांबे तुटते, वरचे रबर मात्र शाबूत दिसते. नव्या सेन्सरबरोबर कपलरपर्यंतची तारही नवी आली असेल, तर कपलरपासून आत जाणारे वायरिंग बघा. तारेचे क्लिप जागेवर आहेत का तेही पाहा. एक क्लिप सुटला की तार टायरला घासते.

स्कॅनरवर त्या चाकाचा वेग लावा. एकाने गाडी वीसच्या वेगाने मैदानात गोल-गोल फिरवावी, दुसऱ्याने आकड्यावर नजर ठेवावी. वळणावर बाहेरच्या चाकाचा वेग आतल्यापेक्षा जास्त असणारच, तो दोष नाही. एखादा आकडा क्षणभर शून्यावर पडून परत येतो का, ते बघायचे. मग गाडी उभी करून, वर सांगितलेल्या रेझिस्टरच्या जोडणीत तार इंचाइंचाने वाकवत जा. मीटर दचकला ती जागा.

सांधा हलणाऱ्या भागात देऊ नका, तो महिनाभरही टिकणार नाही. स्थिर भागात देताना दोन्ही तारा पूर्वीसारख्याच एकमेकींभोवती पिळलेल्या ठेवा. त्या पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट संदेशात शिरत नाही. सोल्डर करून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप पहिल्या पावसाला सुटते. कपलरच्या पिना हिरवट झाल्या असतील तर दोष तिथेच आहे.

प्रश्न : चारही चाकांचे कोड एकदम आले आणि ब्रेकचा लाल दिवाही लागला. चार सेन्सर घ्यायचे का? (वाचक, चिकोडी)

उत्तर : एकही घेऊ नका. चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. आधी हँडब्रेक सुटला आहे ना आणि ब्रेक ऑइलची पातळी किती, हे बघा. ऑइल कमी असेल तर गाडी हलवू नका. ते ठीक असेल तर मॉड्यूलचा पुरवठा तपासा : बॅटरीचे टर्मिनल, एबीएसचे फ्यूज (मोटरचा आणि मॉड्यूलचा सहसा वेगळा असतो, दोन्ही बघा) आणि अर्थची तार. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. मॉड्यूलची अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थचा बोल्ट काढून, खालचा रंग-गंज खरवडून परत आवळा.

प्रश्न : पंक्चरनंतर दुसऱ्या गाडीचा टायर लावला. रिम बसली, पण थोड्या अंतरावर दिवा लागला. (वाचक, संकेश्वर)

उत्तर : रिम बसली तरी घेर वेगळा आहे. 175/65 आर14 चा व्यास सुमारे 583 मिलिमीटर, 165/80 आर14 चा सुमारे 620. सहा टक्के फरक. एक चाक कायम सहा टक्के हळू फिरते आणि मॉड्यूलला ते खोटे वाटते. उलट 165/80 आर14, 185/65 आर15 आणि 195/55 आर16 यांचा व्यास जवळपास एकच येतो. मूळ मापाचा टायर लावा, कोड काढा, दिवा जाईल.

प्रश्न : मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र घेतले. ते 'दोष नाही' दाखवते. (वाचक, हल्याळ)

उत्तर : ती यंत्रे बहुधा फक्त इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात : सी0035 डावे पुढचे चाक, सी0040 उजवे पुढचे, सी0045 डावे मागचे, सी0050 उजवे मागचे. अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे आकडे वापरतात. एबीएस मॉड्यूल उघडणारा आणि चारही चाकांचा चालू वेग दाखवणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजातच जा. कोडचे शब्दही लिहून घ्या. 'सर्किट' किंवा 'ओपन' लिहिले असेल तर तार-कपलरपासून सुरुवात करा, 'सिग्नल' लिहिले असेल तर रिंग, फट आणि बेअरिंगपासून.

प्रश्न : सेन्सरचे काम झाले, कोडही काढला, तरी चावी फिरवल्यावर दिवा तसाच. आणि असा दिवा लागलेला असताना चोर्ला घाटातून गोव्याला जावे का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : कित्येक गाड्यांत दिवा उभ्या गाडीत विझत नाही. चारही चाकांचा संदेश बरोबर आहे, हे चालताना पडताळल्यावरच मॉड्यूल तो विझवते. गाडी सरळ रस्त्यावर 25-30 च्या वेगाने थोडी चालवा. तरीही गेला नाही तर कोड पुन्हा वाचा.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक काम करतात, पण जोरात दाबले की चाके जाम होऊ शकतात आणि जाम झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळत नाही. घाटातल्या ओल्या वळणावर नेमकी तीच गरज असते, म्हणून पावसात जाऊ नका. कोरड्या दिवशी जावेच लागले तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, अंतर दुप्पट ठेवा, ब्रेक थोडा थोडा दाबा. लाल आणि पिवळा दोन्ही दिवे लागले असतील तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद असू शकते. मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी घाटात नेऊ नका, जांबोटीच्या अलीकडूनच परत फिरा आणि जवळच्या गॅरेजात सावकाश न्या.